कठड्यावरची सतरंजी

मार्च संपत आला आणि सालो गावचा रस्ता मऊ पडला. दुपारी ऊन चढलं की डांबराखालची माती लापशीसारखी व्हायची आणि पहाटे पुन्हा दगड. मंगळवारी रस्तेखात्याची माणसं आली आणि खांबाखांबाला पिवळ्या पाट्या ठोकून गेली. आजपासून ट्रकमागे वजन कमी. दरवर्षीचंच होतं ते. पण त्या वर्षी, चौऱ्याऐंशी साली, बर्फ तीन आठवडे आधी सुटला आणि जंगलात ओंडक्यांचे ढीग तसेच पडून राहिले.

आयली कांगासने पाट्या पाहिल्या त्या वाचनालयाच्या खिडकीतून. ती तेव्हा शेगडीतली राख काढत होती. तिच्या एप्रनच्या खिशात जिल्ह्याचं पत्र होतं. आदल्या दिवशी आलेलं, चारदा वाचून घडीवर मऊ झालेलं.

वाचनालय म्हणजे पूर्वीचं सहकारी दुकान. काउंटर तेच, फक्त पिठाच्या जागी पुस्तकं. निम्मी इंग्रजी, निम्मी फिनिश. आजोबांच्या पिढीने जहाजातून बरोबर आणलेल्या काही प्रती अजून होत्या, त्यांच्या पाठी आयलीने गव्हाच्या खळीने पुन्हा पुन्हा चिकटवलेल्या. सव्वीस वर्षं ती हे करत आली होती. लाकडं आणायची, शेगडी पेटवायची, पायऱ्यांवरचा बर्फ खरवडायचा, आणि मग दहा वाजता दार उघडायचं. सकाळी विधुर म्हातारे यायचे. पेपर वाचायला म्हणायचे, पण खरं म्हणजे घरचं सरपण वाचवायला. दुपारी शाळेची पोरं. गुरुवारी एल्मा लाहती यायची, चार पोरांची आई, चार कादंबऱ्या घेऊन जायची. "पोरं निजली की माझा मुलूख सुरू होतो," ती म्हणायची.

हे सगळं चालायचं दंडावर. त्या राज्याचा कायदाच तसा होता, फार जुना. रस्त्यावर कोणी राज्याचा नियम मोडला की दंडाचे पैसे जिल्ह्यातल्या वाचनालयांना जात. भरधाव गाडी हाकणाऱ्याचे, जादा वजन वाहणाऱ्याचे. जिल्ह्यात वाचनालयं दोनच. जोवर तांब्याची खाण चालू होती आणि परगावचे ट्रक सालोच्या चौकातून धडधडत जात, तोवर पुस्तकांना ददात नव्हती. खाण बंद झाली. मग नवा महामार्ग दक्षिणेकडून निघाला. चौक ओस पडला आणि गावातली पापंही आटली.

"माझ्या पापावर तुझी पुस्तकं," तिचा नवरा उर्हो म्हणायचा. तो स्वतःचा ट्रक चालवायचा, ओंडक्यांचा. "मी सज्जन झालो तर तू उपाशी."

"तू सज्जन झालास तर मी गावजेवण घालेन," आयली म्हणायची.

तो चेष्टेचा विषय होता तेव्हा.

*

बुधवारी दुपारी वाचनालयाच्या मंडळाची बैठक झाली. मंडळ म्हणजे तीन माणसं आणि वेलदोड्याचा पाव. अध्यक्ष सिग्ने हार्यू, वय ऐंशी, गावात तीन पिढ्यांना शिकवलेली मास्तरीण. तिने पत्र नाकाजवळ धरून वाचलं.

"यंदाचा वाटा निम्मा. ऑगस्टपर्यंत तगणार नाही आपण. एक मेपासून दाराला कुलूप, पुस्तकं जिल्ह्याच्या गावी. चाळीस मैल. एवढाच याचा अर्थ."

"गावसभेकडे मागावं," खजिनदार म्हणाला.

"गावसभेकडे बर्फ काढायच्या गाडीला चाक नाही. ती तुला चाक मागेल." सिग्नेने पत्र घडी करून आयलीच्या हातात दिलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "गेल्या वर्षात आपल्या चौकात किती ट्रक पकडले गेले, आयली?"

आयलीने पत्र परत एप्रनच्या खिशात सरकवलं.

"एकही नाही. पोरी, तुझी ती सतरंजी वाळत घालायची सवय फार महाग पडतेय आपल्याला."

खजिनदाराने पावाचा तुकडा तोंडात कोंबला आणि खिडकीबाहेर बघू लागला. सिग्नेने हे इतक्या उघड बोलायला नको होतं. गावात ते कुणीच बोलत नसे.

सतरंजी चिंध्यांची होती, आयलीच्या आईने मागावर विणलेली. जुने कोट, मोजे, शर्ट फाडून. मधून एक लाल पट्टा गेलेला, तो आयलीच्या लहानपणच्या डगल्याचा. वाचनालय चौकाच्या वरच्या कडेला, थेट चढणीच्या माथ्यावर. जिल्ह्याकडून ट्रक तोलून दंड करणाऱ्या वजनवाल्याची गाडी आली की ती सगळ्यात आधी इथूनच दिसायची. ती दिसली की आयली सतरंजी उचलायची आणि ओसरीच्या कठड्यावर टाकायची, झटकून, लाल पट्टा बाहेर. जंगलाच्या रस्त्याने येणाऱ्या ट्रकवाल्याला पाव मैलावरून लाल दिसे. तो वळून दुसऱ्या वाटेने जाई किंवा थांबून कॉफी पीत बसे. आधी हे काम आयलीची सासू करायची, शेजारच्या घरातून. ती गेल्यावर आयलीकडे आलं, जसं चांदीचं भांडं येतं तसं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

एका हाताने ती पुस्तकं सांभाळत होती आणि दुसऱ्या हाताने त्यांचा घास काढत होती. सव्वीस वर्षांत तिला हे कधी विसंगत वाटलं नव्हतं. त्या दुपारी वाटलं.

*

रात्रीच्या जेवणाला बटाटे होते आणि खारवलेला मासा. टेबलाशी तिघं. उर्हो, आयली आणि उर्होचा धाकटा भाऊ रेइनो, ज्याने लग्न केलं नव्हतं आणि आता करणारही नव्हता. रेइनो झाडं पाडायचा, उर्हो ती वाहायचा. रेइनोच्या हातांना करवतीच्या कंपाने कायमचं कापरं भरलं होतं. काटा धरला की मासा थरथरायचा.

"कारखाना शुक्रवारपर्यंतच घेणार," रेइनो बशीत बघत म्हणाला. "मग जून. जूनपर्यंत किडा लागेल लाकडाला. सगळा हिवाळा मी कंबरभर बर्फात उभा होतो, तो काय किड्यांच्या लग्नासाठी?"

उर्हो बटाटा सोलत राहिला.

"गुडघा कसा आहे?" आयलीने नवऱ्याला विचारलं.

"धरलाय. उद्या घरीच बसेन."

सालोत पाट्या लागल्या की बायका नवऱ्याला कुठे निघालास असं विचारत नसत. नवरेही सांगत नसत. न विचारणारीला साक्ष द्यावी लागत नाही आणि न सांगणाऱ्याला खोटं बोलावं लागत नाही. पहाटे रस्ता गोठलेला असतो तेवढ्या दोन तासांत माणसं काय ती खेप मारून घेत. घरात विषय निघे तो गुडघ्याचा, हवेचा, गाईचा. चौतीस वर्षं आयली अशा उत्तरांचा अर्थ बरोबर लावत आली होती. 'घरीच बसेन' म्हणजे नाहीच बसणार. पण त्या संध्याकाळी तिचं मन कुलपात अडकलेलं. तिने नवऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले, आणि घेतल्यावर तिला थोडं हलकंही वाटलं, कारण तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

आता जंगलातून येणार कोण, तिने स्वतःची समजूत घातली. कंपनीचे ट्रक. परजिल्ह्यातली कंपनी, मोठे पिवळे ट्रक. गेल्या वर्षापासून तेही सतरंजी बघून वळायला शिकले होते. आपल्या माणसांच्या चिंध्या, आणि सावली त्यांना.

*

गुरुवारी ती पाचला उठली. उर्हो पाठ फिरवून निजला होता, किंवा तसा पडला होता. ती चालत निघाली. चिखल गोठून त्यात ट्रकच्या चाकांचे साचे उमटले होते. काठावर पाय पडला की काचेसारखा तुटायचा. हवेत ओल्या सालीचा वास. वाचनालयात तिने लाकडं रचली, आगकाडी ओढली. पहिल्या दोन विझल्या.

साडेपाचला वजनवाल्याची गाडी चढण चढून आली आणि चौकात, मोठ्या पाइनच्या आडोशाला थांबली. आयलीने सतरंजी उचलली. मग खुर्चीत बसली आणि ती मांडीवर घेतली.

दारावर थाप पडली. ट्रेलोअर होता, वजनवाला. लठ्ठ, भला माणूस. त्याचे आजोबा खाणीत दबून गेलेले.

"आयलीबाई, थोडं गरम पाणी मिळेल? थर्मासचं बूच निघालं वाटेत. कॉफीचं सरबत झालं."

तिने किटली पुढे केली. त्याने शेगडीवर तळवे धरले आणि तिच्या मांडीकडे पाहिलं.

"आज सतरंजी स्वच्छ आहे वाटतं?"

आयलीच्या कानांना आग लागली.

"वीस वर्षं बघतोय," तो म्हणाला. "मी आलो की तुमची सतरंजी मळते. मी बायकोला सांगतो, सालोत धूळ फार. मी काही बोललो का कधी? नाही. मलाही थंडीत उभं राहायची हौस नाही. पण साहेब बदललाय आमचा. कागद मागतो." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "टाकायची असेल तर टाका. मी बाहेर जाऊन चाकांखालचे वजनकाटे मांडतो. मला पाठीमागचं दिसत नाही."

तो गेला. आयली उठली, दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. मागे फडताळात एल्माच्या चार कादंबऱ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, दोरी बांधून. ती परत येऊन बसली. पुन्हा उठली. टाचण्यांची डबी उघडली, बंद केली.

पहिला ट्रक आला तो पिवळा नव्हता. हिरवा होता, एका दिव्याचा. वाइनो लाहती, एल्माचा नवरा. चढणीच्या माथ्यावर त्याने वेग कमी केला. आयलीला काचेआड त्याची मान दिसली, ओसरीकडे वळलेली. कठडा मोकळा पाहून त्याने गिअर टाकला आणि निर्धास्त चौकात उतरला. ट्रेलोअरने हात वर केला.

कंपनीचे पिवळे ट्रक आलेच नाहीत. त्यांच्याकडे रेडिओ होते. चौकात वजनवाला आहे असं एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि सगळे दक्षिणेकडून गेले. ते पुढे कळलं. सतरंजीच्या भरवशावर राहिले होते ते गावचेच.

वाइनो खाली उतरून काट्यांजवळ उभा होता. ट्रेलोअर लिहीत होता. वाइनो एकदाही वाचनालयाकडे बघत नव्हता, आणि त्याचं ते न बघणंच आयलीला काचेतून टोचत होतं.

मग तिला आवाज आला.

बाहेरच्याला सगळे ट्रक सारखे वाटतात. तिला तो आवाज अंथरुणात, चुलीशी, गोठ्यात ओळखता यायचा. चढणीला दुसरा गिअर अडायचा आणि इंजिन खोकल्यासारखं दोनदा करायचं. उर्हो.

ती उभी राहिली तेव्हा सतरंजी तिच्या हातातच होती. पाव मैल. मिनिटभर. दार उघडलं, ओसरीवर आली, अंगात कोट नाही. कठडा हातभर पुढे. एक झटका, आणि लाल पट्टा बाहेर.

चौकातून वाइनोने आता वर पाहिलं. तिच्याकडे, मग तिच्या हाताकडे.

तिला तेव्हा सगळं एकदम दिसलं. टाकली तर उर्हो वाचेल. आणि वाइनो घरी जाऊन एल्माला सांगेल की आयलीने माझ्यासाठी नाही टाकली, स्वतःच्या नवऱ्यासाठी टाकली. ते खरंही असेल. दुसऱ्याच्या नवऱ्यावर वाचनालय चालवायचं आणि आपला तेवढा झाकायचा.

तिने सतरंजी छातीशी घट्ट धरली, पोर धरतात तशी. आणि तशीच उभी राहिली.

उर्होचा ट्रक माथ्यावर आला. त्याने कठड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे, आणि तिच्या हातांतल्या सतरंजीकडे. ब्रेक दाबायला वेळ होता. वळायला उजवीकडे वाटही होती. त्याने ब्रेक दाबला नाही. डोक्यावरची टोपी नीट केली आणि खाली चौकात गेला.

*

दंड मोठा होता. पाट्या लागल्यावर तो तिप्पट धरत. उर्होने त्या रात्री काही विचारलं नाही. रेइनोने विचारलं.

"हात अवघडला होता का तुझा?"

"नाही."

"मग?"

"रेइनो, मासा घे," उर्हो म्हणाला.

"मी मासाच घेतोय. आता वर्षभर मासाच घ्यायचाय. ट्रकचा हप्ता कोण भरणार, ग्रंथपाल?"

शनिवारी सौना, वाफेची न्हाणी, तापवली. तिघं वर फळीवर बसली, गुडघे पोटाशी. चौतीस वर्षं शनिवारी इथेच आठवड्याची भांडणं घामाबरोबर निघून जात. उर्होने दगडांवर पाणी टाकलं. एकदा, दोनदा, चौथ्यांदा. कातडी सोलल्यासारखी वाफ. रेइनो शिव्या देत बाहेर पळाला. आयली बसून राहिली. तिला वाटलं, तो आता बोलेल. तो उठला, तिच्या पाठीवर थंड पाण्याचं भांडं नेहमीसारखं ओतलं आणि निघून गेला.

"तू म्हणाला होतास घरी बसेन," ती बंद दाराला म्हणाली.

सोमवारी तिने शेगडी पेटवली, दहाला दार उघडलं. कोणी आलं नाही. पेपर काउंटरवर घडी न मोडता पडला. चारला शाळेची पोरं चौकातून गेली, पलीकडच्या कडेने. मंगळवारीही तसंच. थंडी असून म्हातारे आपापल्या घरी आपापलं सरपण जाळत बसले. बुधवारी सकाळी पायऱ्यांवर पिठाची गोणी होती. आत एल्माच्या आधीच्या आठवड्याच्या चार कादंबऱ्या, पुसून, कागदात गुंडाळलेल्या. चिठ्ठी नव्हती. नव्या चार फडताळात दोरीत तशाच.

गुरुवारी सिग्ने मास्तरीण काठी टेकत आली. ट्रेलोअर तो सगळा आठवडा जिल्हाभर फिरला होता. सालोच्या चौकातून आता इशारा नाही म्हणताना बाकीचे ट्रकही सापडले. जिल्ह्याच्या कारकुनाने तिला फोन केला होता.

"ऑगस्टचा वाटा पुरेसा आहे, तोवरचं जिल्हा आगाऊ देतोय. पुढचा उन्हाळा येईतो दार उघडं राहील." सिग्नेने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "हं. दार उघडं आहे म्हणायचं."

"तुम्हीच म्हणालात," आयली म्हणाली.  "माझी सवय महाग पडते म्हणून."

"म्हणाले खरी. ऐंशी वर्षांची बाई काहीही बोलते. तू ऐकायचं होतंस होय?" म्हातारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "दंडाच्या पैशाने पुस्तकं येतात, पोरी. माणसं नाही येत." आणि पाव न खाता गेली.

*

पुढच्या सोमवारी आयली रोजच्यासारखी आली. लाकडं रचताना तिने ठरवलं की शुक्रवारी किल्ली सिग्नेकडे नेऊन द्यायची. वाचनालय राहील. दुसरी कोणी पोरगी येईल, तिला लोक बोलतील.

साडेनऊला चढणीवर इंजिन दोनदा खोकलं.

उर्होचा ट्रक रिकामा होता. ओंडके जंगलातच राहिले होते, किड्यांना. त्याने ट्रक चौकात आणला, वळवला, आणि वाचनालयाच्या अगदी दारापुढे आडवा उभा केला. जंगलाकडून येणाऱ्याला, शाळेकडून येणाऱ्याला, चर्चकडून येणाऱ्याला, सगळ्यांना दिसेल असा. इंजिन बंद केलं. गुडघा धरत खाली उतरला.

सव्वीस वर्षांत तो ओसरीच्या आत कधी आला नव्हता. लाकडं पायरीपर्यंत टाकून जायचा. आत आला तो दारातच थांबला, बुटांना बोटभर चिखल.

"उघडंय का?"

"दहाला उघडतं," आयली म्हणाली.

"मग थांबतो."

तो खरंच तिथे उभा राहिला, टोपी हातात घेऊन, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. आयलीने काउंटर पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. 

दहा वाजले. त्याने खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. सतरंजी तिथे घडी करून ठेवली होती, तिने त्या पहाटेपासून तिला हात लावला नव्हता. तो वाकून पुढे झाला, सतरंजी उचलली.

"उर्हो, आईची आहे ती."

"माहितेय."

त्याने ती उंबऱ्याच्या आत जमिनीवर पसरली, लाल पट्टा दाराकडे. मग तिच्यावर उभा राहिला आणि बूट पुसले. सावकाश, आधी एक, मग दुसरा. चिखल लाल पट्ट्यावर चढला, त्याचा रंग दिसेनासा झाला.

"इथेच बरी," तो म्हणाला. "येणाऱ्याला पाय पुसायला काहीतरी लागतं."

तो शेगडीजवळच्या म्हाताऱ्यांच्या खुर्चीत बसला. फिनिश पेपर उचलला, हात लांब करून धरला. त्याला चष्मा लागत होता आणि त्याने आणला नव्हता, हे आयलीला तिथूनही कळत होतं. तिने काउंटरखालचा म्हाताऱ्यांचा चष्मा काढला आणि नेऊन दिला. त्याने तो चढवला.

"अन्याय आहे," तो पेपरातून म्हणाला. "एवढे पैसे भरलेत मी, आणि चहासुद्धा विचारत नाही कोणी."

तिने किटली ठेवली. 

ट्रक दारात तसाच उभा राहिला, दिवसभर. अकराला चौकातून एक म्हातारा गेला. ट्रककडे पाहिलं, पुढे गेला. थोड्या वेळाने परत आला, बिनकामाचा. एकला आणखी एक. मग दोघं चौकाच्या पलीकडे उभे राहून हवेबद्दल बोलू लागले. उर्होने पान उलटलं. खिडकीतून त्याच्याकडे कोण बघतंय याच्याकडे त्याने बघितलं नाही.

तीनच्या सुमाराला ओसरीची पायरी वाजली. आयली काउंटरमागे ताठ उभी राहिली. दार हातभर उघडलं. एल्मा लाहती होती, धाकटं पोर कडेवर. तिने आयलीकडे पाहिलं नाही. शेगडीजवळच्या उर्होकडे पाहिलं, मग खाली, चिखलाने भरलेल्या सतरंजीकडे. बराच वेळ.

मग तिने पाय पुसले.